एकवीसशे बावीस मिलिमीटर

चाकणच्या एका कारखान्यात ज्ञानदेवांनी एकतीस वर्षं सुटे भाग मोजले होते. केसाएवढा फरक निघाला तरी ट्रकभर माल परत धाडला होता. तेव्हा सायकलच्या मीटरचं सेटिंग म्हणजे त्यांच्या लेखी अर्ध्या तासाचं काम.

अट पुतणीची होती. "काका, डॉक्टरांनी रोज पाच किलोमीटर सांगितलंय. घरात चालवा, बाहेर चालवा, आकडा माझ्या फोनवर आला पाहिजे. गडबड दिसली की सरळ साताऱ्याला घेऊन येईन," योगिनीनं बजावलं होतं. ज्ञानदेवांनी लग्न केलं नव्हतं. मोशीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि पुस्तकांची चार कपाटं सोडून त्यांना कुठंही जायचं नव्हतं.

घरात सायकल स्टँडवर चढवली की पुढचं चाक फिरत नाही, म्हणून सेन्सर मागच्या चाकाला बसवला. मग खाली पार्किंगमध्ये, मेकॅनिक चांदभाईंना टेप धरायला लावून चाकाचा घेर मोजला. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण, चाकाचा एक पूर्ण फेरा, पुन्हा खूण. रिकामी सायकल, २१६८ मिलिमीटर. माणूस बसला की टायर दबतो, फेरा आखूड होतो. ज्ञानदेव बसल्यावर २१४६. तीनदा मोजलं, तीनदा तेच. तोच आकडा मीटरमध्ये भरला.

घरात स्टँडवर पायडलचे फेरे मोजून ताळा घेतला. चोख.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिक रस्त्यावर मात्र, किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मीटरनं एक हजार अकरा मीटर दाखवले. परत येताना तेवढेच. टायरमध्ये हवा पुरेशी होती.

"रस्ता वाढला म्हणायचा, साहेब," पार्किंगमध्ये परतल्यावर चांदभाई हसले.

"रस्ता कसला वाढतोय. टायर जास्त दबतोय." ज्ञानदेवांनी वहीत भागाकार केला. "घेर २१२२ भरतोय. म्हणजे मागे पन्नासेक किलो जादा."

"पन्नास? कांद्याची गोणी झाली की ती."

बाजाराला निघालेल्या टेम्पोतून चांदभाईंनी खरंच एक गोणी उतरवून कॅरियरवर बांधली. ज्ञानदेव बसले. २१२२.

"बघा. गणित चुकत नाही," ते समाधानानं म्हणाले. "काढा आता गोणी. २१४६ येतील."

गोणी निघाली. पुन्हा खूण, पुन्हा फेरा.

२१२२.

चांदभाईंनी टेप पुसून पुन्हा धरली. तेच.

ज्ञानदेव उतरले. पाय नेहमीसारखा मागून न फिरवता त्यांनी पुढून, दांड्यावरून काढला. मागच्याला लाथ लागू नये म्हणून काढतात तसा.

"साहेब, डबलसीट लई फिरवलेलं दिसतंय कुणाला तरी."

"जन्मात नाही."

चांदभाईंनी टेप गुंडाळली.

ज्ञानदेवांनी मीटरमध्ये घरासाठी २१४६ आणि बाहेरसाठी २१२२ अशा दोन नोंदी ठेवल्या. दुसऱ्या सकाळी मीटर दगडागणिक बरोबर जुळला. पार्किंगमध्ये पोचताच फोन वाजला.

"आकडे एकदम बरोबर आहेत, काका. मी हरले. राहा एकटे."

"हो," ते म्हणाले.

लिफ्ट आली. सायकल आत घेऊन ते भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले, आणि कॅरियरजवळ माणूसभर जागा मोकळी झाल्यावर त्यांनी सातचं बटण दाबलं.