इराणची वाटी

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. त्या दुपारी मी त्या घरात होते.

१९७९ चा मे महिना. पुलगाव.

माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, मधुकरराव इराणमध्ये फिटर होते. तिथे गडबड सुरू झाली आणि ते परत आले. येताना काशाची एक वाटी आणली. आत शिंगवाल्या बोकडांची रांग कोरलेली.

"हजारो वर्सांची हाये," एवढंच म्हणाले. वाटी फडताळात गेली.

मग त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला, गुलाबला, ऊन लागलं. अंग नुसतं तव्यासारखं.

आमच्याकडे अशा वेळी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासतात. तळवे काळे झाले की उष्णता उतरली समजायचं. घरची वाटी नेमकी शेजारी गेलेली. माझ्या जाऊबाई शोभाबाईंनी इराणची काढली.

"कासं थे कासं! इराणचं काय, अन् भंडाऱ्याचं काय!"

तळवे काळे झाले. ताप झरझर उतरला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पन्हं करायला बसलो.

तेवढ्यात आतल्या खोलीतून...

घस... घस... घस...

मग गुलाबचा आवाज. "आई, पुरे न आता. पाय सोड न."

शोभाबाई माझ्यासमोर होत्या. हातात कैरी.

आणि वाटी... आमच्या दोघींच्या मधे पालथी पडलेली.

आम्ही धावलो. खोलीत पोरीशिवाय कोणी नव्हतं. पाय माठासारखे गार. काळं घोट्याच्या वर चढलेलं. साबण लावला, राख लावली. ते चढतच होतं.

भासरे दारात पांढरेफटक उभे.

"मुडद्याच्या पायापाशी ठेवलेली होती थे. थडग्यातली. विकणारा बोलला होता मले."

"मंग काऊन नाई सांगतलं तुमी?" शोभाबाई किंचाळल्या. "माही एकच पोरगी हाये!"

भासऱ्यांनी वाटी उचलली, सायकल काढली. नदीत टाकून आलो, म्हणाले. दिवेलागणीला काळं उतरलं. पोरगी वाचली.

आज गुलाब स्वतः आजी आहे. घरात काशाचा चमचासुद्धा ठेवत नाही.

परवा तिचा फोन आला.

"काकू... नातीचे तळवे काळे झाले. कोनी हात नाई लावला तिले. बाबानं थे वाटी नदीत टाकली होती न?"

मी हो म्हटलं.

पण भासरे एकटेच गेले होते. टाकताना कोणी पाहिलं नाही. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू... आणि बोलायचं ते न बोलण्याची त्यांची जुनीच खोड.

ते जाऊन बारा वर्षं झाली. आता विचारायचं कोणाला?