वरच्या तळ्यावरची हाक

सासू-सुना सकाळच्या गाडीने पुलापाशी उतरल्या आणि तळ्यांच्या वाटेला लागल्या, तेव्हा ऊन छान पडलं होतं. झिपारच्या डोक्याला विधवेचा काळा रुमाल होता. वर्ष उलटलं की तो उतरवतात, पण तिची सासू तुर्सुन ऐकेल तर शपथ. पोराचं प्रेत मिळालं नाही, मग तो मेला कसा म्हणायचा? वर्षभरात एकाही गुरुवारी तिने घरात बोरसोक, मेलेल्यांच्या नावाने करतात ते कणकेचे तुकडे, तळू दिले नव्हते. तळणीचा वास मेलेल्यांना पोचतो. जिवंत माणसासाठी तेल कोण तापवतं?

तो परतेतोवर सुनेने सासरी राबायचं आणि माहेरचं नाव काढायचं नाही. म्हातारीचं दुःख खरं होतं, पण त्याचं ओझं तिने अख्खं दुसऱ्याच्याच पाठीवर टाकलं होतं.

देवदारांच्या सावलीत तुर्सुन दम खायला थांबली.

"वर गेल्यावर त्याला नावाने हाक मार. ओ आली नाही, तर मी मेलेल्यांची दुवा म्हणेन. मग तू मोकळी."

"नावाने? आई, मी आजवर कधी..."

"मोठ्याने बोल, कानांचं माझ्या माहीत आहे ना!"

"नावाने कधी हाक मारली नाही म्हणते!" झिपार ओरडली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोण म्हणालं होतं, नवऱ्याचं नाव घेतलंस तर जीभ भाजेन म्हणून?"

"मग गेल्या वर्षी तरी भाजून घ्यायची होतीस."

झिपारने ओठ चावला. गेल्या शरदात सगळा गाव तळ्यावर सहलीला आला होता. सुटलेला घोडा धरायला तिचा नवरा पलीकडच्या काठाने गेला आणि एकाएकी धुकं उतरलं. शेजारी थोरले दीर उभे होते. ती "अहो! इकडे या, अहो!" एवढंच ओरडत राहिली. धुक्यातून चार जणांनी ओ दिली, कारण चौघांच्याही बायका काठावर होत्या. तो परतला नाही. आपल्याला कुणी बोलावतंय हे त्याला कळलंच नसेल.

झाडं संपली, दगड लागले. खालची दोन तळी मागे पडली. वरचं तळं काळंशार होतं आणि त्यावर तरंग म्हणून नव्हता. ओल्या लोकरीसारखा कुबट वास येत होता. आसपास एकही मेंढी नव्हती.

"मार हाक," तुर्सुन म्हणाली.

झिपारची जीभ टाळ्याला चिकटली. मग ती बोलली, आधी हळू, मग छातीतून.

"कुबान... कुबान!"

समोरच्या कड्यावरून नेहमी प्रतिध्वनी येतो. आज आला नाही. पाण्याच्या मधोमधून, अगदी साध्या आवाजात, उत्तर आलं.

"ओ... कोण?"

आवाज त्याचाच होता. त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसा? आपलं नाव तिच्या तोंडून त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"कोण आहे?... थांब, आलो..."

"आली का गं ओ?" तुर्सुन तिच्या तोंडाकडे बघत होती. आशेने तिचा चेहरा पोरीसारखा दिसत होता. झिपारला तिची दया आली, आणि माहेरचं अंगणही दिसलं.

"नाही," ती ओरडून म्हणाली. "काहीच नाही, आई."

तुर्सुन तिथेच दगडावर बसली. तळहात पसरून तिने दुवा म्हटली आणि हात तोंडावरून फिरवले. मग सुनेचा काळा रुमाल सोडला, अंगरख्याच्या आतून पांढरा काढून बांधला.

"वाईट वागले मी तुझ्याशी," ती पुटपुटली. झिपारने मान फिरवली. आता कशाला?

उतरताना ऊन कडक होतं, वाट कोरडी ठणठणीत. जंगलाखाली फाटा आला. डावीकडे पूल आणि सासरची गाडी, उजवीकडे पायवाटेने माहेर. सामान मागाहून पाठवते म्हणून तुर्सुन डावीकडे वळली आणि खाली मान घालून चालू लागली.

झिपार उजवीकडे वळली आणि जागीच थबकली.

त्या वाटेवर तिच्या पुढे ताजी पावलं उमटली होती. एका पुरुषाची, पाणी निथळणारी. ती पावलं घाईने तिच्या माहेराकडे गेली होती.