चौथा नाल

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यात पदरचं एक अक्षर नाही. गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी, भर दिवसा चार वाजता, आमच्याच घरामागच्या शेडमध्ये हे घडलं.

माझे बाबा नालबंद. घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. "इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात, आणि घोड्याला कुत्रं विचारत नाही," असं कुरकुरायचे. मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

त्यांचा एक नियम होता. घोडा कामातून सुटला की आधी चारही नाल काढायचे.

"हजारो वर्षं राबवलंय माणसानं त्याला. सुटलो, एवढं तरी त्याला कळू दे."

बाबांनी अंथरूण धरलं. आमची घोडागाडी मी चालवायला लागले, पण गिऱ्हाईकच उरलं नाही. शेवटी म्हातारा घोडा विकला. बाबा त्याला जावईबापू म्हणायचे, नखरे तेवढेच होते त्याचे.

तो कत्तलखान्यात जाणार, हे मला ठाऊक होतं.

नाल मीच काढले. तीन निघाले. चौथ्याचा खिळा वाकला. बाहेर व्यापाऱ्याचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी पाय सोडून दिला.

"चारही काढलेस ना, बाळा?" बाबांनी विचारलं.

"हो."

मला काहीच वाटलं नाही. खरंच, काहीच नाही.

आठ दिवसांनी, रोज मी न् जावईबापू फेरीवरून परतायचो त्याच वेळी, चारला, मागच्या फरशीवर आवाज आला...

थप. थप. थप. टण.

दार उघडलं. कोणी नव्हतं.

मग तो आवाज रोज यायला लागला. बाबा छताकडे बघत ऐकायचे. बोलले एकदाच.

"एक राहिलाय गं."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

त्या गुरुवारी औषधं घेऊन आले, तर अंथरूण रिकामं...

ज्यांना कूस बदलता येत नव्हती, ते बाबा शेडमध्ये स्टुलावर बसले होते. चामड्याचा एप्रन बांधलेला. खूर धरताना आवळतात तसे गुडघे आवळलेले. हातात पक्कड.

श्वास नव्हता.

पायाशी एक नाल पडला होता, वाकड्या खिळ्यासकट. मी उचलला...

कोमट होता.

मी रडले नाही. अजून रडू आलेलं नाही.

आवाज अजूनही चारला येतो. आता चारही पावलं मऊ पडतात. बाबांनी सोडवलं त्याला. मग तो का येतो?

शेडच्या दाराशी थांबतो. मी आतून कडी लावून बसते. बाबा गेले, हे त्याला सांगायचं तर दार उघडावं लागेल...

आणि तो मला ओळखतो.