निळीचं हँडल

रविवारी सकाळी भाऊजींनी पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडलं आणि दाराची घंटा वाजली. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पाठोपाठ कुणीतरी दारावर थापाही मारायला लागलं.

"उघडा हो भाऊजी," आतून मेहुण्याचा आवाज आला. "माझ्याकडेच आले असतील."

"तुझ्याकडे आलेत तर तू उघड की!" असं म्हणत भाऊजीच उठले. बायकोचा हा धाकटा भाऊ खाजगी गुप्तहेर होता. ऑफिसचं भाडं परवडत नाही म्हणून तो भाऊजींच्या बैठकीच्या खोलीत बसून गुन्हे सोडवायचा, आणि त्याच्या अशिलांना चहा मात्र भाऊजी करायचे.

दारात इस्त्रीच्या गणवेशातले एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ उभे होते. चेहरा संतापानं लाल झाला होता.

"मी चोर नाही आणि विसरभोळाही नाही," उंबरा ओलांडण्याआधीच ते गरजले. "एवढं सिद्ध करून द्या. अकराच्या आत."

ते ड्रायव्हर होते. गावाबाहेर हौशी मंडळींनी बंद पडलेला एक जुना रेल्वेमार्ग जपून ठेवला होता. त्यावर दोन जुनी डिझेल इंजिनं होती, मोठी निळी आणि छोटी पिवळी. दर रविवारी अकरा वाजता निळी लोकांना नदीपर्यंत फिरवून आणायची; पिवळीला डबे ओढण्याइतकं बळ नव्हतं. सत्तरी झाली की ड्रायव्हरनं उतरायचं, असा मंडळाचा नियम होता. आज ड्रायव्हरांची शेवटची फेरी होती, आणि निळीचं हँडल गायब झालं होतं.

"एक हँडल नाही म्हणून गाडी अडते?" भाऊजींनी विचारलं.

ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊजी मुकाट्यानं चहाला वळले.

"पुढे जायचं की मागे, ते त्या हँडलनं ठरतं. ड्रायव्हर उतरताना ते काढून सोबत नेतो. ते नसेल तर इंजीन म्हणजे नुसतं लोखंड. काल संध्याकाळी मी ते माझ्या लॉकरमध्ये ठेवलं, आज तिथे नाही. सेक्रेटरी म्हणतो, कुठेतरी विसरलात, वय झालं तुमचं. आयुष्यभर इंजीन चालवलं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांदेखत मला वेंधळा ठरवून उतरवणार!" त्यांचा आवाज फाटला. "तडक इकडे आलो."

"चला," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, गाडी काढा."

भाऊजींचा चहा तसाच राहिला.

इंजिनांच्या शेडमध्ये डिझेलचा वास कोंदला होता. बाहेर फलाटावर प्रवासी जमायला लागले होते. भाऊजी कंटाळून निळीला टेकले, तोच ड्रायव्हर ओरडले, "टेकू नका!" भाऊजी दचकून बाजूला झाले. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर धुळीचा हातभर पट्टा उमटला होता. हा शर्ट बायकोनं कालच दिला होता, आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार हे त्यांना तोंडपाठ होतं.

निळीमागून एक बुटका माणूस फडक्याला हात पुसत आला. तो फिटर होता, ड्रायव्हरांचा सख्खा धाकटा भाऊ.

"दादा, मला जरा..."

"हा पाना पायरीवर कुणी ठेवला? किती वेळा सांगायचं?"

"ठेवतो जागेवर. पण दादा, ऐक ना..."

"मध्ये बोलू नकोस! इथे माझी अब्रू चाललीय आणि याचं आपलं काहीतरी भलतंच!"

फिटरनं पाना उचलला आणि तो निघून गेला. आपण याच्या जागी असतो तर तो पाना कुठे घातला असता, याचा विचार भाऊजींनी थोडा वेळ केला.

लॉकर पाहायला फार वेळ लागला नाही. सगळ्या लॉकरांना एकच किल्ली होती आणि ती सर्वांसमोर खिळ्याला टांगलेली होती.

"मग कुलूप लावता कशाला?" भाऊजींनी कपाळाला हात लावला.

सेक्रेटरी ऑफिसात रंगाचे नमुने पसरून बसले होते. हँडलबद्दल विचारलं, तर त्यांनी निळीचा मूळ रंग आणि आजचा रंग यांत कसा फरक आहे ते सांगायला सुरुवात केली. मेहुण्यानं पुन्हा विचारलं. ते डब्यांच्या रंगाकडे वळले.

"हँडल!" भाऊजी जवळजवळ किंचाळले.

"विसरले असतील हो. वय झालं. माझं तर म्हणणं आहे, निळीला कायमची उभी करावी आणि डब्यांत छानसं उपाहारगृह काढावं. डिझेलचा खर्च वाचेल."

हाच चोर, अशी भाऊजींची खात्रीच झाली. पण गार्डबाई भेटल्या आणि ती खात्री डळमळली. हिरवा झेंडा बगलेत मारून त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून निळी मी चालवणार. आजवर ड्रायव्हरसाहेबांनी मला तिच्या केबिनमध्ये पायसुद्धा ठेवू दिला नाही. पिवळीवर रुळांची साफसफाई करत बसवलंय. काल पिवळीचं हँडल मीच त्या कपाटात ठेवलं, बघा हवं तर. पण ते निळीचं नाही, त्याचा काय उपयोग?"

मेहुण्यानं कपाट उघडलं. ते रिकामं होतं.

"अगंबाई!" गार्डबाईंचा हात तोंडावर गेला.

मागून डोकावणारे सेक्रेटरी म्हणाले, "त्याचं काय घेऊन बसलात? ते या इंजिनाला लागत नाही. निळीचं शोधा."

"एकाचा पत्ता नाही आणि दुसरंही गेलं!" भाऊजी वैतागले. "आता दोन दोन चोऱ्या शोधायच्या का?"

"नाही भाऊजी," मेहुणा खुशीत म्हणाला. "आता एकच शोधायची." त्याची ही खुशी भाऊजींना सगळ्यात जास्त खुपायची.

फिटर निळीजवळच होता. त्याच्या पायाशी ओली बादली होती आणि नळाची रबरी नळी इंजिनापर्यंत ओढलेली होती.

"काल संध्याकाळी इथे कोण होतं?" मेहुण्यानं विचारलं.

"मीच होतो. इंजीन धुतलं. शेवटची फेरी ना दादाची, चकचकीत दिसायला हवं."

"इंजिनांची आतली दुरुस्तीही तुम्हीच करता?"

"दोन्हींची. ड्रायव्हरच्या हाताखालची यंत्रणा खोलून साफ करतो, तीही मीच. दुसरं कोण करणार?"

"मग झालं," मेहुणा म्हणाला. "सगळ्यांना बोलवा."

अकराला थोडाच अवकाश होता. फलाटावरची मंडळी चुळबुळ करत होती. शेडमध्ये ड्रायव्हर, सेक्रेटरी, गार्डबाई आणि फिटर गोळा झाले. मेहुणा सावकाश हात झटकायला लागला. दर वेळी तो उगाच असा वेळ काढायचा.

"बोल लवकर," भाऊजी म्हणाले.

"ड्रायव्हरसाहेब, पिवळीचं हँडल निळीला लागतं का?"

"लागतं की! दोन्हींची यंत्रणा एकच..." ड्रायव्हर थबकले. "अरेच्चा! ते आणलं असतं तर गाडी निघाली असती. रागाच्या भरात माझ्या डोक्यातच आलं नाही."

"चोराच्या आलं. म्हणून त्यानं दोन्ही नेली. सेक्रेटरींना वाटतं ते लागत नाही. गार्डबाईंनाही तसंच वाटतं. शिवाय चोरी त्यांची असती, तर त्यांनी आपणहून रिकामं कपाट दाखवलं नसतं. लागतं हे ठाऊक असणारे दोघंच. एक ड्रायव्हर, ते चालवतात. दुसरा ते खोलून साफ करणारा. ड्रायव्हरांना तर आज काहीही करून गाडी काढायची होती."

फिटर खाली बघत होता.

"हा माझा भाऊ आहे!" ड्रायव्हर कडाडले. "हा माझी फेरी कशाला बुडवेल?"

"तेच मला कळत नव्हतं. पण हे काल इंजीन धुतल्याचं सांगतात, आणि भाऊजी, जरा वळा बरं."

भाऊजी चरफडत वळले. सगळ्यांनी त्यांची पाठ निरखली.

"काल धुतलेल्या इंजिनावर एवढी धूळ? मग बादल्या भरभरून पाणी गेलं कुठे? बाहेर नाही, तर आत. इंजीन थंड ठेवणाऱ्या टाकीत. भरलेलं पाणी टिकत नव्हतं, म्हणून हे पुन्हा पुन्हा भरून बघत होते. आणि ते पाणी जात होतं कुठे?" मेहुण्यानं तेल मोजायची पट्टी ओढून काढली. काळंभोर असायला हवं ते तेल दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं दिसत होतं.

ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तेलात पाणी," ते पुटपुटले. "नदीपर्यंतसुद्धा गेली नसती. आतून जाम होऊन कायमची संपली असती."

"मागच्या महिन्यात आतली पाणी अडवणारी रबरी सीलं मीच बसवली," फिटर कसाबसा बोलला. "बसवताना एखादं पिळवटलं असणार. काल कळलं. आज फेरी निघाली नाही, तर मी गुपचूप दुरुस्त करणार होतो. तुझ्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं, दादा. सकाळपासून सांगायला बघत होतो. मी घाबरलो."

त्यानं कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीत हात खुपसून दोन्ही हँडलं काढली आणि भावापुढे धरली. आता ड्रायव्हर याच्या कानाखाली वाजवणार, असं वाटून भाऊजी दोन पावलं मागे सरले.

ड्रायव्हरांनी हँडलं घेतली, ती सेक्रेटरींच्या हातात दिली आणि ते फलाटावर गेले.

"आज गाडी सुटणार नाही," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. "माझी शेवटची फेरी होती, म्हणून मीच सांगतोय. पैसे परत मिळतील."

एकच गलका झाला. एक गृहस्थ तावातावानं पुढे आले. "एवढ्या लांबून मुलाबाळांना घेऊन आलो! चूक कुणाची आहे, ते तरी सांगा!"

शेडच्या दारात फिटर अंग चोरून उभा होता. ड्रायव्हरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"माझी," ते म्हणाले. "इंजिनात बिघाड आहे हे मला सांगायची इथे कुणाची छाती झाली नाही. सख्ख्या भावाचीसुद्धा नाही. म्हणजे चूक माझीच."

गृहस्थ मागे फिरले. भाऊजींच्या जिभेवर सकाळपासून या माणसाला ऐकवायच्या चार गोष्टी तयार होत्या. त्यातली एकही आता सांगावीशी वाटेना.

ड्रायव्हर शेडमध्ये परत आले. गणवेशाचा कोट काढून त्यांनी बाकावर ठेवला, बाह्या वर सारल्या आणि निळीजवळ भावाशेजारी उकिडवे बसले. फिटर हुंदके देत होता.

"रडणं पुरे," ते म्हणाले. "गाडी चालवायला मनाई आहे, पाने द्यायला नाही. आधी काय खोलायचं, ते तू सांग. मी ऐकतोय."