कच्ची फाइल

जळगावच्या त्या खासगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एक संगणक होता आणि त्याला जोडलेले दोन पडदे, दोघांनी एकाच वेळी काम करायला. १९९३च्या मार्चपर्यंत विशाखाला तिथे आपण लिहिलेल्या प्रोग्रामचा अभिमान होता. तपासणीचा आकडा आधी एका तात्पुरत्या फाइलीत उतरायचा, तिथून कागदावर छापला जायचा, मग फाइल पुसली जायची. त्या फाइलीचं नाव तिने एकच ठेवलं होतं: कच्ची. दोन्ही पडद्यांना तीच.

एका सकाळी दोन्हीकडून एकाच क्षणी रिपोर्ट निघाला. कागदावर वर नाव तिच्या वडिलांचं, आबांचं: हिलाल तायडे. खाली साखर दुसऱ्याच कुणाची, चारशे दहा. डॉक्टरांनी आबांना इन्सुलिन टोचलं. दुपारी साखर पार उतरली, त्यांच्या कपाळावर थंड घाम फुटला, बोटं थरथरू लागली. "पोटात खड्डा पडला गं," एवढंच म्हणाले. दिवस मावळायच्या आत गेले.

दोष आला रक्त तपासणाऱ्या सुकदेव नानांवर. सही त्यांची होती. सकाळी आल्या आल्या कोऱ्या कागदांच्या थप्पीवर सह्या करून ठेवायची त्यांची जुनी सवय. त्यांना घरी बसवलं.

पिंप्राळ्याच्या घरी आबांच्या दिवसांचं पुण्यानुमोदन झालं. त्यानंतर विशाखाने त्या दिवसाचे कागद चाळले. आबांची खरी साखर, शहाण्णव, दुसऱ्याच्या नावाखाली छापलेली होती. छापल्याचं मिनिट तेच. ती समजली: एकाच कच्चीत दोघांचे आकडे अदलाबदल झाले होते. तिने कुणालाच सांगितलं नाही.

आज दुपारी नाना येऊन प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले.

"मनी चूक नही शे, बेटा. वहीमा शहाण्णवच लिखेल शे. तू तुन्हं डबडं देख."

"बघते, नाना."

"डबडाले कोनी बोलत नही. म्हाताराले बठ्ठा बोलतस."

तिने दार लोटून घेतलं. आत जाऊन डॉक्टरांना सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती प्रोग्राम दुरुस्त करायला बसली. दर वेळी नवं नाव, बारा अक्षरं, कशीही निवडलेली. त्या नावाची फाइल आधीच असेल तर हात लावायचा नाही, थांबायचं. फाइलीला वेगळी डिरेक्टरी, संगणकातला स्वतंत्र कप्पा, तिथे दुसऱ्या कुणाला शिरकाव नाही. काम झालं की पुसायची. मग जुन्या चुकीची खूणही उरणार नव्हती.

तिने प्रोग्राम चालवला.

या नावाची फाइल आधीच आहे, असं पडद्यावर आलं.

बारा अक्षरं जुळणं अशक्य होतं. तिने पुन्हा चालवला. आधीच आहे. डिरेक्टरी काढून टाकली, नवी केली. नव्या, रिकाम्या डिरेक्टरीत एक फाइल होती.

तिने ती उघडली. हिलाल तायडे. साखर साठ. तारीख आजची.

पुसली. पुन्हा चालवला.

हिलाल तायडे. साखर अठ्ठेचाळीस.

तिने दुसऱ्या पडद्याची वायर उपसली.

एकोणचाळीस.

पंख्याचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. कळ दाबताना बोट दोनदा घसरलं.

पुढच्या फाइलीत वर नाव होतं विशाखा तायडे. खाली साखर, एकतीस.

"काही सापडनं का, बेटा?" बाहेरून नानांनी विचारलं.

तिला उत्तर द्यायचं होतं. जीभ वळेना. तिने कपाळाला हात लावला. हात ओला झाला; घाम गार होता.