घरातला कप

इंदिरानगरच्या त्या बंगल्यात कामाला येणाऱ्या उज्वलाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मागच्या दाराशेजारच्या खिडकीत पालथा घातलेला. गुरुवारी तृप्तीने घाईगडबडीत तिला घरातल्याच कपात चहा दिला आणि नेमका तो सासूबाईंनी पाहिला.

"मी नाय मागितला," उज्वला म्हणाली. "वहिनींनीच दिला."

तृप्ती बेसिनपाशी पाठमोरी उभी राहिली. दोन वर्षांनी, सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती, आणि सासूबाईंची मर्जी फिरायला एवढंसं कारण पुरे होतं. तिला लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही. उज्वलाला उभ्या उभ्या काढून टाकलं. दुसरी बाई मिळेपर्यंत घरचं तूच बघ, नोकरीचं मग पाहू, असं सासूबाईंनी वर तृप्तीलाच ऐकवलं.

म्हणून शुक्रवारी सकाळी तिने फरशी पुसायला घेतली. उज्वला मागे मागे सरकत पुसायची. तसं केलं की ओल्या फरशीवर आपली पावलं उमटत नाहीत. तृप्ती मागच्या दारापासून निघाली आणि हॉलकडे सरकत गेली. फिनेलच्या वासाने डोकं चढलं होतं. शेवटचा हात मारून तिने मान वळवली, तर पाठीशी मागचंच दार.

लक्ष नव्हतं आपलं, असं म्हणत तिने पुन्हा सुरुवात केली. या खेपेला डोळ्यांत तेल घालून. देव्हारा गेला, सोफा आला. लॅपटॉपवरची नजर न काढता विश्वेशने पाय वर उचलले. नवऱ्याने आपल्याकडे पाहिलंही नाही, याचा तिला संताप आला. ती तशीच मागे सरकली.

टाचेला मागच्याच दाराचा उंबरा लागला. मग अंगणातला गार कोबा.

आतून कडी सरकली.

तिने दार वाजवलं, विश्वेशला हाका मारल्या. खिडकीतून पाहिलं तर फरशी वाळली होती. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात तृप्तीच्याच बांगड्या, आणि वाफाळता चहा. घरातल्या कपात.

तिने तो घेतला.

"हिला हा कप कुणी दिला?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

आई, मी तृप्ती, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

"मी नाय मागितला. वहिनींनीच दिला."

आत, बेसिनपाशी पाठमोरी उभी असलेली बाई काही बोलली नाही.