विटांची गल्ली

कोल्हापुरात श्रावणातली भुरभुर चालली होती. त्रिशला उकिडवी बसून गल्लीतल्या जुन्या विटांचे फोटो काढत होती. तेवढ्यात मागून आवाज आला —

"ओ पावणं, फोटो मग काढा की. जरा हात लावा."

तिनं वळून पाहिलं. एक उंच, चिंब भिजलेला मुलगा चाकांची खुर्ची ढकलत होता. चाक विटांच्या फटीत अडकलं होतं आणि खुर्चीतली त्याची थोरली बहीण डोक्यावर पिशवी धरून हसत होती.

दोघांनी मिळून खुर्ची उचलली. त्याचा हात तिच्या हाताला लागला… त्यानं तो घाईनं काढून घेतला.

"मी सम्राट. ही आमची आक्का."

"मी त्रिशला. पावणी नाही, पलीकडच्या पेठेतलीच."

"मग रोज हात लावायला याल."

ती खरंच येऊ लागली. या गल्लीवर काँक्रीट पडणार होतं, आणि कॉलेजात वास्तुकला शिकवणाऱ्या त्रिशलाला या विटा वाचवायच्या होत्या. ती घरोघरी जाऊन बोलायची आणि शेवटी सम्राटच्या ओट्यावर टेकायची. छापखान्यातून आलेला सम्राट शाईच्या बोटांनीच तिला चहा द्यायचा.

"विटांवर एवढं प्रेम?"

"विटांवरच नाही…" ती बोलून गेली. मग दोघंही चहाकडं बघत राहिले.

गल्लीच्या बैठकीत त्रिशला भरभरून बोलली. ती खाली बसली आणि सम्राट उठला.

"आमची आक्का कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जाऊ शकत न्हाय. मला काँक्रीट पायजे."

तिच्याकडं न बघता तो बोलला. निदान मधून एक सपाट पट्टा करूया, असं ती घाईघाईनं म्हणाली. पण बैठकीला आलेल्या महापालिकेच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली — एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही. गल्लीनं विटा ठेवायच्या ठरवल्या. लोक तिचं कौतुक करत होते आणि तिला दारातून बाहेर पडणारी त्याची पाठ तेवढी दिसत होती.

ती मागं धावली. "रागावलास?"

"तुझ्यावर? न्हाय." तो थांबला. "हुपरीला मामाचं चांदीच्या पैंजणांचं काम हाय, मलाबी बोलावलंय. घरापुढं सपाट रस्ता हाय. आम्ही तिकडं जातोय."

"आणि मी?"

"आवडतीस तू. आज सांगणार होतो… बैठकीच्या आधी."

दिवाळीनंतर ती हुपरीला गेली. आक्का रस्त्यावरून एकटीच, जोरात खुर्ची चालवत येत होती. मांडीवर भाजीची पिशवी होती. त्रिशलाला बघून तिनं लांबूनच हात केला. परत चला, हे शब्द त्रिशलाच्या ओठांवर आलेच नाहीत.

सम्राट तिला स्टँडवर सोडायला आला.

"तू येशील कधी कोल्हापूरला?"

"पेठेत येईन. त्या गल्लीत न्हाय."

"मी इथं आले तर?"

"येत जा," तो म्हणाला. "पण घरी काय सांगशील, कुणाकडं जातीस म्हणून?"

बस लागली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला… त्यानं तो धरला आणि बस हलेपर्यंत सोडला नाही.